रुमालाखालचे तीन गुण

११ जानेवारी, रविवार

घोडतीर फुटबॉल क्लब, काष्टी, जिल्हा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला. नगरच्या मैदानावर आज भिंगारच्या संघाला ३–२ असं हरवलं. विजयी गोल नितीनचा, त्र्याण्णवाव्या मिनिटाला. पंचांनी अहवालात तशीच नोंद केली आहे. सही करण्याआधी त्यांनी कागद मला दाखवला आणि म्हणाले, "शेवटची शिट्टी तोंडातच धरली होती."

दोनशे शब्दांची बातमी परतीच्या टेम्पोत मोबाईलवर लिहिली, साडेसहाच्या आत पाठवली. बातमीत स्वतःचं मत घालायचं नाही, ही शिस्त तालुका वार्ताहर म्हणून एकतीस वर्षं पाळली. मत या वहीत.

मत असं. आपण १–२ ने मागे असताना, एकाहत्तराव्या मिनिटाला आमची प्रशिक्षक प्रज्ञा हिने पार्थला बाहेर काढलं. पहिला गोल त्याचाच होता. त्याच्या जागी नितीन आला. नितीनने पुढे दोन गोल केले हे खरं, पण सामना चालू असताना हे कोणाला माहीत होतं? प्रशिक्षकाने आघाडीचा खेळाडू ऐन वेळी काढणं म्हणजे जुगार. पार्थ माझा मुलगा आहे म्हणून हे म्हणत नाही. दुसऱ्या कोणाचा असता तरी हेच लिहिलं असतं.

टेम्पोत तेवीस जण आणि विषय एकच. पुंजाराम बैलांचा व्यापारी, माणसाकडे बघतानाही आधी पाय बघतो. तो म्हणाला, "जितलो ते नशिबानं. दुधातली गाय बांधून ठिवली आन् भाकड सोडली मैदानात."

कानिफनाथ टेम्पो चालवत होता. मागे न बघता म्हणाला, "त्या भाकडीनं दोन गोल दिले."

"दिले न्हाई, लागले. दुसरा तर नडगीला लागून गेला. पोरगं तवा भलतीकडंच बगत हुतं."

"मंग तुमी हुबं र्‍हायचं तिथं नडगी घेऊन."

लोणी व्यंकनाथला उसाच्या ट्रॉलीमागे अर्धा तास अडकलो. त्या अर्ध्या तासात नितीनच्या नडगीवर जेवढं बोलणं झालं तेवढं गावात कोणाच्या लग्नावरही झालं नसेल.

पार्थ वरच्या खोलीत झोपतो, आज खालीच अंथरूण घातलं. फ्रीजमधला सगळा बर्फही त्यानेच संपवला. थंडीत याला सरबत कसलं सुचतं कोण जाणे. मी विचारलं, "मॅडमनी का काढलं तुला?" म्हणाला, "त्यांचा निर्णय." पोराला लागलंय मनाला.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी छबूबाईंच्या हॉटेलात. बाजारतळाच्या कडेला पत्र्याची शेड, चार बाकं. क्लबचं कार्यालय म्हणायचं तर हेच.

कानिफनाथचं म्हणणं, असा कोच जिल्ह्यात नाही. दोन वर्षांपूर्वी ही पोरं अकराच्या अकरा चेंडूमागे पळायची, प्रज्ञाने त्यांना आपापली जागा दाखवली. पुंजारामचं म्हणणं, जागा दाखवली ते ठीक, पण जिंकणाऱ्याला बाकावर बसवायची ही कुठली विद्या. दोघांनी एकमेकांना तीन चहा पाजले आणि एका मुद्द्यावरही एकमत केलं नाही.

छबूबाई कपबशा विसळत होत्या. त्यांना मत विचारलं तर म्हणाल्या, "मला खेळातलं काय कळतंय? जितलो का? मंग भांडता कशापायी?"

"हारलो असतो तर कोण भांडलं असतं?" पुंजाराम म्हणाला. "हारल्यावर मान्सं गप घरी जात्यात."

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. पुंजारामने कानिफनाथच्या हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला म्हणाला आणि त्याच दमात नितीनला डावा पायच नाही हे सांगायला लागला.

संध्याकाळी क्लबचे अध्यक्ष आप्पासाहेब यांचा फोन. पाच-सहा जण त्यांच्या मागे लागले आहेत की अंतिम सामन्यापुरता नगरहून कोच आणा. आप्पासाहेबांना कोणाला दुखवायचं नाही. म्हणाले, "वाल्मिकराव, सगळ्यांचं मत घेऊ. पण उघड नको. प्रज्ञाचे वडील माझ्या शेजारी शेत कसतात. उद्या मला त्यांच्याच बांधावरून जायचंय."

उपाय पुंजारामने सुचवला. शनिवारी जनावरांच्या बाजारात रुमालाखाली मत घ्यायचं.

ही रीत इथे कोणाला सांगावी लागत नाही. बैलाचा सौदा करताना दोघे रुमालाखाली हात घालतात. धरलेल्या बोटांवरून भाव कळतो, शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. एकही शब्द न बोलता जनावर विकलं जातं. मतदानाला याहून सोयीचं काय?

१७ जानेवारी, शनिवार

बाजार भरून वाहत होता. लिंबाखाली आप्पासाहेब खुर्चीवर, पुंजाराम उभा, त्याच्या मनगटावर लाल रुमाल. प्रश्न एक: त्या दिवशीच्या प्रज्ञाच्या कामाला दहापैकी किती गुण? जितके गुण तितकी बोटं धरायची, पाचाच्या वर असतील तर आधी अख्खा पंजा. सरासरी पाचाच्या खाली आली तर नगरच्या कोचला विचारायचं, असं आप्पासाहेबांनी आधीच सांगितलं. प्रज्ञाला बोलावलं नव्हतं. मला ते थोडं खटकलं, पण बोललो नाही.

टेम्पोतल्या तेवीस जणांतला एकेक जण आला, रुमालाखाली हात घातला, चेहरा दगडासारखा ठेवून बाजूला झाला. पुंजाराम सगळं मनात धरतो, त्याला कागद लागत नाही. मीही हात घातला. दोन बोटं धरली. नीट विचार केला होता. खेळाडू बदलण्याची चूक गंभीर, निकाल चांगला, म्हणून दोन. निःपक्षपाती राहायचं तर एवढंच.

पुंजारामने सरासरी माझ्या कानात सांगितली. तीन.

मी ती मोठ्याने सांगितली आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं होतं निम्मे लोक तिच्या बाजूचे आहेत. कानिफनाथचा चेहरा तर पार उतरला. आप्पासाहेब म्हणाले, "एवढं कमी?" रुमालाखालचं बाहेर काढायचं नाही, हा बाजाराचा नियम, त्यामुळे आपण किती दिले हे कोणी बोलेना.

घरी येऊन बातमी केली. 'घोडतीरच्या प्रशिक्षकांना समर्थकांकडून दहापैकी तीन गुण.' एकही विशेषण नाही. जे घडलं ते.

१८ जानेवारी, रविवार

पान पाचवर छापून आली, चौकटीत. विमलने वाचली. सव्वीस वर्षांच्या संसारात ती माझ्या बातम्यांवर कधी बोललेली नाही. आज पेपर घडी घालून माझ्या ताटाखाली ठेवला.

१९ जानेवारी, सोमवार

प्रज्ञाने आप्पासाहेबांना निरोप पाठवला. त्यांनी तो मला पुढे पाठवला. जसा आहे तसा उतरवतो:

'नमस्कार. पेपर वाचला. आमच्या शाळेत तीन गुणांवर कोणी पास होत नाही, त्यामुळे मी अंतिम सामन्याला येणार नाही. सरावाचं वेळापत्रक सोबत जोडलं आहे. नितीनला सकाळी धावायला लावू नका, त्याचा श्वास भरतो. पोरांना माझ्याकडून शुभेच्छा.'

नगरच्या कोचला विचारलं तर तो म्हणाला, सहा दिवसांत मी अकरा जणांची नावंही पाठ करू शकणार नाही. म्हणजे आता कोणीच नाही.

माझी बातमी चुकीची नव्हती. आकडा पुंजारामचा, ऐकणारे बावीस साक्षीदार. तरी जेवण गेलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार

सरावाला पोरं आली आणि अर्ध्या तासात घरी गेली. पार्थ माझ्याशी दोन दिवस बोललेला नाही. आज जिना उतरताना मी त्याला अडवलं. एका हाताने कठडा धरून, एकेक पायरी करत येत होता.

"पायाला काय झालं?"

"पप्पा, तुम्हाला आज दिसलं?"

मग सगळं सांगितलं. एकाहत्तराव्या मिनिटाला त्यानेच बाकाकडे हात केला होता. गुडघ्यात दोन आठवड्यांपासून दुखत होतं. प्रज्ञाला त्याने हात जोडून सांगितलं होतं की हे कोणाला कळू देऊ नका. फेब्रुवारीत पुण्याला एका मोठ्या क्लबची निवड चाचणी आहे. पार्थ त्या चाचणीला जाणार हे मी गेल्या महिन्यात दोनदा छापलं आहे.

"गुडघा दुखतोय कळलं असतं तर तुम्ही तेही छापलं असतं," तो म्हणाला. रागाने नाही म्हणाला.

"म्हणून तिने सगळ्यांची बोलणी खाल्ली?"

"मी म्हटलं, मॅडम, मी खरं सांगतो. त्या म्हणाल्या, आधी डॉक्टरला दाखव. लोकांचं काय, रविवारपर्यंत विसरतील."

विमल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "बर्फ काय सरबताला लागतो का एवढा?" म्हणाली. "तालुक्यातलं सगळं कळतं तुम्हाला."

माझी दोन बोटं निःपक्षपाती नव्हती. ती एका बापाची होती. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार? पण एक कोडं राहतंच. बाकी बावीस जण पार्थचे बाप नव्हते. त्यांनी एवढे कमी का दिले?

२१ जानेवारी, बुधवार

कोडं छबूबाईंनी सोडवलं, ते पण चहा गाळताना.

मी सकाळी एकटाच बसलो होतो. त्यांना म्हटलं, "लोकांना प्रज्ञा इतकी नकोशी कशी झाली हो?"

"कोन म्हनलं नकोशी?"

"सगळ्यांनी मिळून तीन दिले."

"कुटं दिले?"

"बाजारात. रुमालाखाली."

त्यांनी गाळणी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी पहिल्यांदाच काष्टीला गिऱ्हाईक म्हणून आलोय. "रुमालाखाली पयल्यांदा हात घातल्यावर खरा भाव कुनी सांगितलाय का आजवर? माझ्या मालकानी वीस वर्सं बैलं घेतली. मनात बारा असलं तर चारापासनं सुरुवात."

मी उठलो आणि थेट पुंजारामच्या गोठ्यावर गेलो. तो बैलाच्या शिंगांना तेल लावत होता. विचारलं, तू स्वतः किती दिलेस? आढेवेढे घेत म्हणाला, "चार."

"आणि मनात?"

"पार्थला काढलं ते मला पटलं न्हाई. पन पोरीनं संघ उभा केला, ते न्हाई म्हनता येत न्हाई. मनात आठ हुतं. चारानं सुरू केलं, पुढं वाढवलं असतं."

"कोणाशी वाढवणार होतास? समोर कोण होतं?"

तेलाचा हात तसाच हवेत. "तेच न्हाई का. पंजा धरला की आपसूक खालनंच सुरू व्हतंय."

"बाकीच्यांनी पण तसंच केलं?"

"मला वाटलं तुमास्नी म्हाईत हाय. म्हनून तर मी नुसता आकडा सांगितला. तुमी छापला. वाल्मिकराव, पयली बोली कुनी छापतंय व्हय?"

कानिफनाथला फोन केला. प्रज्ञाचा सगळ्यात मोठा पाठीराखा, आठवडाभर तिच्यासाठी भांडत होता. त्याने तीन दिले होते. "मी म्हटलं सगळे कमीच देनार, मीच एकदम धा दिले तर लोक म्हनतील येडं हाय," म्हणाला. "मनात धा हुतं, वाल्मिकराव. आईशप्पत."

दुपारपर्यंत चौदा जणांना गाठलं. चौदाही जणांची तीच कथा. नगरचा कोच मागणारेही बोलीच करत होते, सौदा मोडायला बसलेला एकही नव्हता. कमी द्यायचेच म्हणून कमी देणारा आतापर्यंत मी एकटाच निघालो.

२२ जानेवारी, गुरुवार

श्रीगोंद्याला प्रज्ञाच्या शाळेत गेलो. मधल्या सुट्टीत ती मैदानावर मुलींना खो-खो शिकवत होती. मला बघून शिट्टी काढून ठेवली. "या काका. आता किती गुण?"

मी आधी पार्थचं सांगितलं, माझ्या दोन बोटांसकट. मग रुमालाचं. ती ऐकत राहिली आणि एकदम हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला वाटलं काम झालं.

झालं नव्हतं. हसू ओसरल्यावर म्हणाली, "गंमत आहे. पण काका, माझ्या वर्गातल्या मुलींनी तो पेपर वाचला. त्यांना मी काय सांगू, बाजारात असंच असतं?"

"दुरुस्ती छापतो."

"छापा. आणि त्या तेवीस जणांना म्हणावं, मनात काय होतं ते तोंडाने सांगा. उजेडात, माझ्यासमोर, रुमाल न धरता. मग बघू."

"तेवढं अवघड नाही."

"तसं तुम्हाला वाटतं," ती म्हणाली आणि शिट्टी वाजवून मुलींकडे पळाली.

मी निघताना एवढंच म्हणाली की पार्थचा गुडघा छापायचा की नाही, हे पार्थला विचारा. संध्याकाळी विचारलं. "छापा," म्हणाला. "लपवून लपवून जास्त दुखायला लागलाय."

२३ जानेवारी, शुक्रवार

दुरुस्ती आली. एकतीस वर्षांत पहिली. 'ते गुण अंतिम नव्हते. ती बोलीची सुरुवात होती, हे वार्ताहराच्या लक्षात आले नाही.' संपादकांचा फोन आला, म्हणाले, "वाल्मिकराव, हे कळणारं गिऱ्हाईक नगरमध्ये किती?" मी म्हटलं, नगरसाठी नाही छापलं.

पार्थला डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली. पुण्याची चाचणी यंदा हुकणार. पोरगा माझ्यापेक्षा शांत आहे.

२४ जानेवारी, शनिवार

प्रज्ञा खरं बोलली होती. अवघड होतं.

अकरा वाजता ती स्कूटीवरून बाजारात आली, ट्रॅकसूटमध्ये. लिंबाखाली तेवीस जण रांगेत उभे. हीच माणसं टेम्पोत एकमेकांना बोलू देत नव्हती. आज कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. पुंजारामचा हात सारखा खांद्यावरच्या रुमालाकडे जात होता. शेवटी छबूबाईंनी येऊन तो काढूनच घेतला.

"बोला की आता," त्या म्हणाल्या. "माझा चहा उकळतोय."

पुंजाराम पुढे आला. प्रज्ञाच्या बुटांकडे बघत म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमी आल्यापासनं ही पोरं पळायच्या आदी इचार करत्यात. हे मी कुनाला बोललो न्हाई. घरी बोललोय. आट गुन."

"घरी किती दिवसांपासून बोलताय?"

"दोन वर्सं."

"आणि दोन कमी कशाचे?"

"नितीनच्या डाव्या पायाचे."

मग सुरू झालं ते थांबेना. एक म्हणाला नऊ, पण सराव सकाळी सातला ठेवता ते लई लवकर. दुसरा म्हणाला आठ, पण माझ्या भाच्याला एकदा तरी खेळवा. कौतुकाला तक्रारीची जोड दिल्याशिवाय कोणाला ते सोडवतच नव्हतं. कानिफनाथने दहा दिले आणि त्याला रडू आलं, म्हणून लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. आप्पासाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की प्रज्ञाला बोलावल्याशिवाय मत घ्यायला नको होतं, चूक माझी.

शेवटी मी. दोन बोटं मीच धरली होती आणि ती मनापासून होती, हे सांगितलं. पुंजाराम म्हणाला, "म्हंजे खोटी बोली न करनारा एकच निगाला, आन् त्योच चुकला." सगळे हसले. मीही.

प्रज्ञाने सगळं ऐकून घेतलं. "आता मी तुम्हाला देते. दहापैकी चार. ओरडता झकास, पण चेंडू बाहेर गेला की आणायला एकही उठत नाही. भिंगारविरुद्ध आपली सहा-सात मिनिटं तिथेच गेली. उद्या मैदानाच्या चारी बाजूंना माणसं हवीत."

चार बाजूंवरून लगेच वाद सुरू झाला. पुंजारामला गोलच्या मागची जागा हवी होती, कानिफनाथलाही. ते भांडत असताना ती माझ्याकडे वळली.

"काका, पार्थ माझ्याशेजारी बाकावर बसेल. तुम्ही प्रेक्षकांत बसू नका. समोरच्या संघाचा डावा बचावपटू पुढे गेला की परत यायला वेळ लावतो असं ऐकलंय. पहिला अर्धा भाग फक्त त्याच्यावर नजर ठेवा. किती वेळा पुढे गेला, मागे जागा कुठे मोकळी राहिली, लिहून द्या. एक पान. मत नको."

"मत नको?"

"मत माझं."

उद्या अंतिम सामना, संगमनेरच्या संघाविरुद्ध. टेम्पो अकराला निघेल, ट्रॉल्यांचा वेळ धरून. ढग नाहीत, पण थंडी आहे, उन्हाचा त्रास होईल असं दिसत नाही. नितीन सुरुवातीपासून खेळेल, हे प्रज्ञाने सांगितलं आहे. खेळ चारला सुरू होईल, मध्यंतर पावणेपाचला. त्याआधी माझं पान तिच्या हातात पडायला हवं.